थांबाईला विचारून

उंबरटेपाच्या सगुणाबाई ढेबेने डोळे वटारले की आटलेली म्हैस पान्हा सोडायची आणि कावळ्याने उचललेली भाकरी कावळाच परत आणून ठेवायचा. कावळ्याचं कुणी शपथेवर सांगणार नाही, म्हशीचं मात्र सांगतील. तर अशा बाईला एका श्रावणात खरा राग आला आणि त्या रागापायी अख्खी वाडी डोंगर चढून गेली.

उंबरटेप म्हणजे सह्याद्रीच्या पदरातली धनगरवाडी. डोंगराच्या निम्म्या उंचीवर एक फळी निघालेली, तिच्यावर घरं. खाली दरी. वर सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार, सड्यावर डांबरी रस्ता आणि रस्त्यावर सकाळी येणारी डेअरीची गाडी. सगळ्या जगाचं दूध डोंगर उतरून जातं, उंबरटेपाचं चढून जायचं. आणि वाटेत घसारा. उभी, मुरमाड उतरण. पाऊल वर टाकलं की माणूस खाली दिसायचा. सगुणाबाईचा नवरा म्हादू याच घसाऱ्यावरून दुधाच्या कॅनसकट गेला. कॅन सापडले. म्हादू सापडायला वेळ लागला.

मागे उरला म्हातारा सासरा लखूबाबा आणि आईविना वाढलेला धाकटा दीर, जानू. त्याला सगुणाबाईने दूध विकून शिकवलं आणि बदडून मोठं केलं. लाडात असली की ती त्याला ‘जान्या’ म्हणायची, रागात ‘भावजी’. ‘भावजी, जेवायला या’ असं कानावर आलं की जानू भरलं ताट सोडून पळायचा.

हाच जानू विजेच्या डोंगरी सायकली बनवणाऱ्या कंपनीत लागला आणि पहिल्या सुट्टीला ‘घोरपड’ घेऊन आला. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची गोष्ट खरी का खोटी, यावर शहाणी माणसं वाद घालत बसली होती. तोवर कंपनीने नाव नोंदवूनसुद्धा टाकलं.

गाडीची करामत चाकात होती. उभ्या चढावर सायकलीची दोन दुखणी असतात. भार मागे सरतो, म्हणून पुढचं चाक उचलतं. आणि मोटरने जोर जास्त लावला की मागचं चाक जागच्या जागी गरगरतं. एकदा का चाक घसरायला लागलं की मातीची पकड आणखी कमी होते. घसरणाऱ्याला कुणी धरत नाही, हा नियम माणसांत आहे तसा घर्षणातही आहे. म्हणजे घसरायच्या आधी सावरायला हवं. पण आधी कळणार कसं? तर माती सरकण्याआधी कुरकुरते. कणावर कण घासतो, बारीक बारीक आवाज होतात, माणसाच्या कानाला न येणारे. घोरपडीच्या टायरमध्ये ते आवाज टिपणारे कान पेरलेले होते. कुरकुर वाढली की मोटर पापणी लवायच्या आत जोर कमी करायची, शांत झाली की वाढवायची, आणि बॅटरी आपल्या खाचेतून पुढे सरकून पुढचं चाक दाबून धरायची. शिवाय एका गाडीच्या चाकाला जे कळलं ते सगळ्या गाड्यांना कळायचं. एक घसरली की बाकीच्या शहाण्या.

सगुणाबाई पहिल्यांदा भरल्या कॅनसकट घसारा चढून गेली आणि वर पोचली. चाकावर हात फिरवत उभी राहिली. मग म्हणाली, “जान्या, ही आधी का नाही रं आणलीस?”

हळूहळू वाडीत आणखी घोरपडी आल्या. एकच अडचण आली. घसाऱ्याच्या मध्यावर थांबाई आहे. शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे बिनघडीव दगड, कोहळ्याएवढा. चढणाऱ्याने तिथे ओझं उतरवायचं, अनवाणी उभं राहायचं, ‘आई, चढू का?’ असं विचारायचं आणि एक श्वासभर थांबून मग निघायचं. ही वाडीची रीत. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, चढावर मध्येच थांबू नका, पुन्हा निघतानाच चाक सर्वांत जास्त घसरतं. देवीचा पुजारी लखूबाबा म्हणाला, “माणूस इचारतो, मग गाडीला काय शिंगं फुटली? तिलाबी इचारू द्या.”

इंजिनिअर हसला, पण भला माणूस होता. त्याने उंबरटेपाच्या गाड्यांना वेगळी सोय करून दिली. थांबाईपाशी गाडी आपोआप थांबायची, मोटर बंद, सगळं चिडीचूप. टायर जमिनीला कान लावायचं. खालची माती शांत आहे असं कळलं की मुठीजवळचा लाल दिवा हिरवा व्हायचा. लखूबाबा लगेच म्हणायचा, “जा, हो म्हणाली.” पुढे सड्यावर रिसॉर्ट झालं, शहरातले हौशी लोक घोरपडी भाड्याने घेऊन घसारा चढू लागले. त्यांच्याही गाड्या तिथे थांबायच्या. लोक फोटो काढायचे आणि ‘हाऊ स्वीट’ म्हणायचे.

असं तीन पावसाळे चाललं.

चौथ्या पावसाळ्यात दिवा आळशी झाला. हिरवा व्हायला एक श्वास लागायचा तिथे दहा लागू लागले. मग एक तंबाखूची चिमूट मळून होईपर्यंत. वाडीने ओळखलं, आई कोपली. नारळ झाले, कोंबडं झालं, दिवा हलेना. वाडीचा कारभारी बिरूआण्णा म्हणाला, “उघड्यावर बसलीय बिचारी. चौथरा बांधू. चांगला दगडी.”

लखूबाबा काठी आपटून म्हणाला, “आरं, जिच्यापाशी वझं उतरवायचं, तिच्याच पायापाशी वझं रचता?”

“मामंजी, तुम्ही गप ऱ्हावा,” सगुणाबाई कडाडली. तिची रोजची दुधाची गाडी चुकत होती, त्यामुळे तिला देवीचा उरक हवा होता. दगड, वाळू, सिमेंट सगळं घोरपडींवरून वाहिलं गेलं. पूर्वी जे गाढवाला जमलं नसतं ते चाकाने लीलया केलं. सर्वांत जास्त खेपा सगुणाबाईच्या. चौथरा झाला, भरभक्कम, पाण्याची जुनी पन्हळ बुजवून. आणि काय चमत्कार! चौथऱ्याची पूजा झाली त्याच दिवसापासून गाड्या थांबाईपाशी थांबेनाशाच झाल्या. सुर्रकन सरळ वर!

“पावली!” बिरूआण्णाने गुलाल उधळला. “आता इचारायचंबी काम न्हाई. कायमची परवानगी!”

वाडी नाचली. सगुणाबाई नाचली नाही. दुसऱ्या दिवशी तिने थांबाईपाशी हाताने ब्रेक दाबून गाडी उभी केली. दिवा लाल नाही, हिरवाही नाही. मेलेला. देवी पावली तर दिवा का विझावा? तिने खाली पाहिलं. नव्या चौथऱ्याला चीर गेली होती, तिची चार बोटं आत जातील एवढी. बिरूआण्णा त्यावर आदल्याच दिवशी म्हणाला होता की सिमेंटवाल्याने फसवलं. पण चीर चौथऱ्यापाशी संपत नव्हती. गवताखालून पुढे गेली होती.

आणि तिला जानूचं लहानपण आठवलं. हा पोरगा मडकं फोडायचा तेव्हा खापऱ्या इतक्या बेमालूम जुळवून ठेवायचा की पाणी भरेपर्यंत कळायचं नाही.

सड्यावर कंपनीची शेड होती. बाहेर मोठा फलक लागला होता, ‘न थांबता माथ्यावर! चढाई स्पर्धा, येत्या रविवारी.’ आत जानू गाड्यांना नंबर चिकटवत होता.

“भावजी,” दारातून आवाज आला.

जानूच्या हातातला नंबर खाली पडला.

“दिवा कुणी इझवला?”

“वैनी, ते... वरून आलं. शहरातल्या लोकांच्या तक्रारी होत्या, गाडी मध्येच अडून बसते म्हणून. स्पर्धा हाय रविवारी. मी नुसतं बटण दाबलं.”

“देवीची रीत तू बटण दाबून मोडलीस?”

“देवी न्हाई गं ती!” जानू वैतागला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं. “कुरकुर हाय. जमिनीतनं येते. हे बघ.” त्याने पडद्यावर रेघा दाखवल्या. पहिल्या पावसाळ्यातल्या रेघा झोपलेल्या होत्या. मग उठून बसल्या, मग उभ्या राहिल्या. शेवटच्या दिवसाच्या तर एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या. “गाडी उभी असली की हा आवाज टायरला ऐकू येतो. म्हणून दिवा हिरवा होत नव्हता.”

सगुणाबाईला रेघांतलं काही कळत नव्हतं. ती भांडायला आली होती, आणि भांडणाऱ्या माणसाला समोरच्याच्या बोलण्यातली फट लगेच दिसते.

“गाडी उभी,” ती म्हणाली. “चाक फिरत न्हाई. मोटर बंद. मग कुरकुरतंय कोण?”

जानूने पडदा बंद केला आणि शेवटी सांगून टाकलं.

वीस-बावीस वर्षांचा असल्यापासून त्याला यंत्रांची उत्तरं देता येत होती, आणि याचंही उत्तर त्याला माहीत होतं. चालती गाडी चाकाखालची माती ऐकते. उभी गाडी डोंगर ऐकते. उंबरटेपाच्या गाड्या देवीला विचारायला म्हणून रोज एकाच जागी, एकाच रीतीने, मोटर बंद करून कान लावत होत्या. सबंध सह्याद्रीत असं दुसरीकडे कुठेच झालं नव्हतं. डोंगराची नाडी तीन वर्षं कुणी रोज धरली होती, फक्त धरणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. आता आतला थर पाणी पिऊन सुटू लागला होता. कण कणावरून सरकत होता. सगळा घसारा, चौथऱ्यासकट, वाडीच्या डोक्यावर.

“कवा कळलं तुला?”

“सोमवारी.”

आज शुक्रवार होता.

“मी वर कळवलं गं, वैनी! साहेब म्हणाला, उभ्या गाडीचा आवाज हा कचरा असतो, पुसून टाक. मी पुन्हा फोन केला. तर म्हणाला, आपण सायकली विकतो, डोंगर विकत नाही. उगाच बोभाटा केलास तर स्पर्धा जाईल, रिसॉर्ट जाईल, आणि तू तर आधी जाशील. मला वाटलं... कदाचित कचराच असंल.”

“वाटलं न्हाई. वाटून घेतलंस.”

सगुणाबाईचा राग आवाजात असेतोवर कुणाला काळजी नसे. आता तो आवाजातून निघून गेला. ती हळूच म्हणाली, “ज्या घसाऱ्यानं तुझा भाऊ खाल्ला, त्याच्या तोंडावर तू हात ठिवलास, भावजी. त्यो वरडत होता तर.”

तिने तिथूनच तालुक्याला फोन लावायला लावला. पलीकडून सांगण्यात आलं की पथक पाहणीला येईल, सध्या सगळी पथकं गुंतली आहेत, अर्ज द्या. सगुणाबाईने अर्ज तोंडीच दिला. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

वाडीत येऊन तिने सगळ्यांना बोलावलं. बिरूआण्णाने ऐकून घेतलं आणि मिशीवर हात फिरवला.

“सगुणे, गाडी थांबत होती तवा म्हणालीस आई कोपली. आता थांबत न्हाई, तर म्हंतीस डोंगर कोपला. तुलाच काय झालंय का?”

“आरं, त्या भाड्यानं दिवा काढून टाकलाय!”

“का देवीनं काढला?” कुणीतरी मागून म्हणालं, आणि हशा पिकला. “हिला कुणावर तरी रागवायलाच पायजे. माणसं संपली, आता डोंगर!”

“मी चौथऱ्याला दगूड वाहिला,” सगुणाबाई म्हणाली. “सगळ्यात जास्त म्याच वाहिला. म्हणून सांगते.”

“आणि आता सोडून जायाचं? आईला एकटी टाकून? आई हितं तर आम्ही हितं.”

मागे जानू येऊन उभा होता. तो काहीतरी बोलायला गेला, पण कंपनीचा सदरा घातलेल्या माणसाचं ऐकायला तिथे कोण बसलं होतं! कुणी म्हणालं, रिसॉर्टला जागा हवी असेल, म्हणून हाकलतायत.

सगुणाबाई मात्र बिरूआण्णाचं शेवटचं वाक्य तोंडात घोळवत होती. आई हितं तर आम्ही हितं. तिने मान डोलावली, पदर खोचला आणि गाडीवर बसली.

थांबाईपाशी जाऊन तिने दुधाचा रिकामा कॅन गाडीच्या पुढे कॅन धरायला असलेल्या कैचीत घट्ट बसवला. ‘आई, उचलू का?’ असं विचारलं. उत्तराची वाट पाहिली नाही, कारण उत्तर तीन वर्षं ऐकू येत होतं. पहारीने तांदळा उपटला, कवेत घेतला, कॅनमध्ये ठेवला. मग गाडी खाली घातली आणि भर वाडीतून हॉर्न वाजवत नेली.

“ए बिरूआण्णा! ए मिशाळ्यांनो! ही चालले तुमची आई घिऊन! ज्याला पायजे त्यानं वर येऊन न्यावी!”

क्षणभर कुणाचा डोळ्यांवर विश्वास बसला नाही. मग जो कालवा उठला तो दरीपलीकडच्या गावात ऐकू गेला म्हणतात. काठ्या निघाल्या, कोयते निघाले, लाटणी निघाली. बायका पुढे, पुरुष मागे. ज्यांची गुडघेदुखी चार वर्षं ऊठ म्हणता उठू देत नव्हती, तीही माणसं धावली. शिव्या अशा की दगडांनी कान झाकले असते.

सगुणाबाई घसाऱ्याकडे वळलीच नाही. तिने गाडी पश्चिमेच्या सोंडेला घातली. सोंड म्हणजे अखंड कातळ, डोंगराचं हाड, ते कुठे जात नाही. माणसं तिथे जुन्या खोबण्या धरून हातापायांनी चढतात. चाक कधी चढलं नव्हतं. वर शेवाळ, त्यावर पाणी.

चढाच्या तोंडाशीच मागचं चाक एकदा फिरलं. टायरने कातळ ऐकला, मोटरने श्वास धरला, मग हलक्या हाताने ढकललं. पुन्हा शेवाळ, पुन्हा सावरलं. सगुणाबाई मुठींवर छाती टेकवून पुढे वाकली. बॅटरी पुढे सरकून सरकून खाचेच्या टोकाला लागली. एरवी एवढ्या उभ्या चढावर पुढचं चाक उचलून गाडी पाठीवर पडली असती. पण पुढे आई बसली होती, चांगली वजनदार. चाक जमिनीला चिकटून राहिलं. याला कुणी विज्ञान म्हणावं, कुणी आणखी काही. सगुणाबाई त्या वेळी दोघांनाही शिव्या देत होती.

“चढ, सटवे! म्हादूला धरलं न्हाई कुणी, मला तरी धर!”

खाली जानूने वाडीत जे उरलं होतं ते पाहिलं. गुरं सकाळीच सड्यावर गेली होती. पोरं आयांच्या मागे धावली होती. उरले दोघं. बारा दिवसांची बाळंतीण झिमा, आणि पायाने अधू झालेला लखूबाबा. गाडीवर मागे जागा एकाची. झिमाला बाळासकट पाठीशी बांधून जानूनेही सोंड धरली. वहिनीचं चाक जिथे जिथे चुकलं होतं तिथे तिथे त्याचं चाक आधीच शहाणं झालेलं होतं. एकदाही न घसरता तो वर आला.

वर सगुणाबाईला वाडीने घेरलं होतं. कॅनला मिठी मारून ती बसली होती आणि बिरूआण्णाने काठी उगारली होती.

“दे आईला! न्हाईतर डोस्कं फोडीन!”

“फोड! पण हितं फोड, खाली जाऊ नगंस!”

जानूने झिमाला उतरवलं आणि गाडी वळवली. “बाबा ऱ्हायलाय,” एवढंच म्हणाला.

काठी खाली आलीच नाही. कारण आवाज झाला. तो ऐकायला आता टायर लागत नव्हतं.

घसारा आधी बसला, जशी दमलेली म्हैस बसते. मग त्याच्या अंगातून पाणी फुटलं आणि तो उठून चालू लागला. झाडं उभीच्या उभी पुढे सरकली. नवा चौथरा काही अंतर देवीशिवाय डौलात चालला आणि उलटला. मग फळीवर धूळ नाही, चिखलाचं एक तोंड आलं, आणि फळीवर काही उरलं नाही.

जानू सोंडेच्या निम्म्यावर होता. कातळातून आलेला हादरा ऐकून घोरपड आपोआप थांबली होती. दिवा लाल होता. शेडमधलं भांडण झाल्यावर लगेच त्याने बटण परत दाबलं होतं.

कुणी रडलं नाही लगेच. माणसं काठ्या हातात धरून उभी होती आणि मारायचं कुणाला ते त्यांना कळत नव्हतं.

नंतर झिमाने सांगितलं ते असं. जानू आधी लखूबाबापाशी गेला होता. म्हाताऱ्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, “जान्या, तुला ठावं होतं?” जानूने होकारार्थी मान डोलावली. “मंग आधी हिला ने,” म्हातारा म्हणाला आणि उंबऱ्यावर तंबाखू मळत बसला.

पत्र्याच्या शेडमध्ये वाडी राहायला गेली. आठवड्याभरात कंपनीचे लोक कॅमेरे घेऊन आले. मोठा साहेब स्वतः आला, हार घेऊन. म्हणाला, आमच्या टायरने डोंगर ऐकला, तुम्ही फक्त दोन शब्द बोला, मावशी. सगुणाबाईने हार घेतला, साहेबाच्या चकचकीत गाडीच्या चाकाला घातला आणि म्हणाली, “ह्येला कान हायत. तुमचं बघा.” ते चित्रण कुठे दाखवलं गेलं नाही.

पण जानूने नोकरी सोडताना तीन वर्षांच्या त्या रेघा सगळ्या जगाला फुकट वाटून टाकल्या. आता तिकडच्या घाटांत घोरपडी ठरलेल्या जागी थांबतात, मोटर बंद करून डोंगराला कान लावतात, आणि दिवा लाल राहिला तर खालची गावं उठून जातात. कंपनीने या थांबण्याला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं आहे आणि त्याचे वेगळे पैसे लावले आहेत. थांबाई सड्यावर आहे, उघड्यावर, चौथऱ्याशिवाय. बिरूआण्णा तिथे पावसात उभा राहतो, पण छप्पर म्हणत नाही.

जानू रोज संध्याकाळी सगुणाबाईच्या शेडपाशी येतो. चपला काढतो. हातातलं ओझं, असेल ते, खाली ठेवतो.

“वैनी, आत येऊ का?”

आत चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज थांबतो. भाकरी दोन माणसांची असते, हे त्याला बाहेरून मोजता येतं. मग ताट उंबऱ्याबाहेर सरकतं, बांगड्यांचा हात आत जातो.

“थांबा, भावजी,” आतून येतं.

तो थांबतो.